समृद्धीच्या काठी दारिद्र्य का उरते?

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा महामार्ग तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. रस्त्याने उत्तरेकडे निघालेल्या वऱ्हाड-नागपूरच्या कित्येक पिढ्यांना नर्मदामैयाचे पहिले दर्शन याच ठिकाणी घडले आहे. संक्रांतीच्या पर्वावर येथे मोठी जत्रा भरते. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा अंश याच घाटावर विसर्जित करण्यात आला आणि त्यांचे स्मारकही येथे उभे आहे. १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर ही शहरे एकाच राज्यात होती, आणि त्याही पूर्वी या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. साहजिकच तिलवारा हे नाव मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही.

तथापि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने या घाटाकडे आणखी एका कारणासाठी पाहावयास हवे. मार्च १९३९ मध्ये येथून जवळच, त्रिपुरी येथे, काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले. बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली. मात्र अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले असल्याने मिरवणुकीत त्यांचे छायाचित्रच मिरवण्यात आले. पंत यांचा ठराव आणि त्यानंतरचा अध्यक्षांचा राजीनामा यांमुळे इतिहासाने त्रिपुरी लक्षात ठेवली. परंतु याच अध्यक्षांनी एक वर्ष आधी, हरिपुरा येथील भाषणात, दारिद्र्यनिर्मूलन हा स्वतंत्र भारतापुढील अग्रक्रमाचा प्रश्न ठरविला होता आणि १९३८ सालीच पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली होती, याचे स्मरण फारसे कोणी ठेवत नाही. देशाचे उत्पन्न नियोजनपूर्वक वाढविले म्हणजे दारिद्र्य हटेल, असा त्या पिढीचा दृढ विश्वास होता. या विश्वासाला तिलवाऱ्याच्याच नदीवर, प्रवाहाच्या थोडे वर, काय उत्तर मिळाले हे पाहण्यासारखे आहे.

जबलपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर बरगीचे धरण आहे. नर्मदेवरील मोठ्या धरणांच्या मालिकेतील हे पहिले पूर्ण झालेले धरण. १९७० च्या दशकात काम सुरू झाले, १९९० मध्ये जलाशय पूर्ण क्षमतेने भरला. राणी अवंतीबाई लोधी सागर असे त्याचे नामाभिधान झाले. जबलपूर, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे त्यामुळे बाधित झाली. सुमारे २७ हजार हेक्टर जमीन पाण्याखाली गेली आणि उठून गेलेल्यांची संख्या सामान्यतः १ लाख १४ हजार सांगितली जाते. त्यांत मोठा हिस्सा गोंड आदिवासींचा होता. आरंभीच्या अंदाजात १०१ गावे धरलेली होती. म्हणजे साठ गावांना आपले भवितव्य पाणी चढू लागल्यावर कळले. धरणातून वीज मिळाली. शहराला आणि शेतीलाही पाणी मिळाले. सिंचनाचे उद्दिष्ट मात्र चार लाख हेक्टरांहून अधिक ठेवलेले असताना कालव्यांची कामे मागे पडत गेली. सलीमनाबादजवळचा सुमारे बारा किलोमीटरचा बोगदा तर वर्षानुवर्षे रखडला. धरण बांधले हे चुकले, असे येथे म्हणावयाचे नाही. पाणी आणि वीज यांवाचून कोणताही देश वर आलेला नाही. प्रश्न आहे तो हिशेबाचा.

बँकेत काम करणाऱ्यांना ताळेबंदाच्या दोन बाजू ठाऊक असतात. एका बाजूस वाढ दिसली की दुसरी बाजू तपासल्याखेरीज कोणी त्यावर सही करीत नाही. देशाच्या उत्पन्नाचा हिशेब मात्र बहुधा एकाच बाजूने मांडला जातो. बरगीतून निर्माण झालेल्या विजेचे एकक न् एकक राष्ट्रीय उत्पन्नात जमा झाले. बुडालेल्या रानातील मोह, तेंदूपत्ता आणि चारोळी, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत लावल्या जाणाऱ्या डांगरवाड्या, गुरांची चराई, सरपण, घरच्या घरी होणारी मासेमारी यांपैकी फारच थोडे त्या उत्पन्नात कधी धरले गेले होते. त्यामुळे ते गेले तेव्हा वजाही झाले नाही. आकडेवारीच्या दृष्टीने त्या खोऱ्यातील माणूस धरणापूर्वीही जवळजवळ शून्यच होता. मग तो श्रीमंत देशाच्या नकाशावर अचानक गरीब म्हणून कोठून उगवला, असा प्रश्न पडावा, हे ओघानेच आले.

भरपाईचीही हीच गत झाली. तेव्हा लागू असलेला भूसंपादन कायदा १८९४ सालचा, म्हणजे ब्रिटिश अमदानीतला. जमीन ज्याच्या नावे, त्याला रोख रक्कम, एवढेच तो जाणत होता. शेतमजूर, ढीमर, जंगलातील जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारा पण खसऱ्यात नाव नसलेला गोंड, यांचे त्या कायद्याच्या लेखी काहीच गेले नव्हते. याच नदीवरील सरदार सरोवरासाठी १९७९ च्या लवाद-निवाड्याने जमिनीच्या बदल्यात जमीन असे तत्त्व घातले होते. परंतु ते त्या आंतरराज्य प्रकल्पाच्या विस्थापितांपुरते होते. बरगीचे लोक एकाच राज्यातले. एकाच नदीवर दोन धरणांसाठी उठणाऱ्यांना दोन वेगवेगळे न्याय मिळाले, याला काय म्हणावे?

रोख भरपाई उधळली गेली, लग्नकार्यात आणि दारूत गेली, असे पुष्कळदा ऐकू येते. हे बोलणाऱ्यांनी थोडा विचार करावा. जमीन म्हणजे केवळ मालमत्ता नव्हे. ती दरवर्षी धान्य देते, अडचणीत तारण होते, म्हातारपणी मुलांना घरी धरून ठेवते आणि गावात पत देते. तिच्या बदल्यात एकरकमी पैसा हाती आला की त्याच दिवशी परिसरातील उरलेल्या जमिनीचे भाव चढतात, कारण विकत घेणारे एकदम शेकडो होतात. शिवाय जुनी देणी वसूल करावयास सावकार दारात उभा असतो. नोकरदाराला निवृत्तीच्या वेळी उपदानाची रक्कम मिळते तेव्हा शाखेतील अधिकारी त्यास मुदत ठेव, मासिक प्राप्ती, वारसनोंद हे सर्व समजावून सांगतात. त्याला निवृत्तिवेतनाचाही आधार असतो. तरीसुद्धा पाच वर्षांत ती रक्कम संपविणारे सुशिक्षित गृहस्थ कमी नाहीत. ज्याने आयुष्यात पासबुक पाहिले नव्हते त्याच्याकडून मात्र गुंतवणूकतज्ज्ञाचे शहाणपण अपेक्षिले जाते!

पुढे काय झाले? अनेकजण जलाशयाच्या काठी उंचावर, उरल्यासुरल्या खडकाळ जमिनीवर राहिले. अनेकजण जबलपुरात आले. सायकलरिक्षा ओढू लागले, इमारतींवर विटा वाहू लागले. जबलपूर हे काही दरिद्री शहर नव्हे. तोफगाडी कारखाना १९०४ पासूनचा, खमरियाचा दारूगोळा कारखाना त्यानंतरचा, सैन्याची वाहने बनविणारा कारखाना १९६९ चा. उच्च न्यायालय, विद्यापीठे, रेल्वेचे विभागीय मुख्यालय, सारे तेथे आहे. भेडाघाटच्या संगमरवराची ख्याती तर सर्वदूर. अशा शहरात कष्टाळू माणूस काही काळाने सावरेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात शहराची समृद्धी आणि त्याची मजुरी यांच्यामध्ये एक चाळणी असते, आणि ती फारच बारीक असते.

या चाळणीचे पहिले भोक असे, की गरीब असणे हे अतिशय महागडे असते. सुस्थितीतील गृहस्थ महिन्याचे तेल डबाभर घेतो; रोजंदारीचा माणूस रोज पावशेर घेतो आणि दर किलोमागे जास्त मोजतो. भाजीवाली समजा सकाळी ९० रुपये उचलते आणि संध्याकाळी १०० परत करते. तिला दहा रुपये म्हणजे काहीच नाही असे वाटते, परंतु हा दर दिवसाला अकरा टक्क्यांच्या वर जातो. बँकेच्या सर्वांत महागड्या कर्जाचा वर्षाचा दरही याच्या एका आठवड्याच्या आत मागे पडेल. रिक्षा भाड्याची असली तर दिवसाचे भाडे आधी, पोट नंतर. वर्षभराच्या भाड्यात कदाचित रिक्षाच विकत आली असती. पण एकदम पैसा नाही म्हणून भाडे, आणि भाडे म्हणून पैसा नाही. हे चक्र आळसाने सुरू होत नाही आणि उद्यमशीलतेनेही सहसा तुटत नाही.

येथे बँकांचा संबंध येतो, आणि तो टाळून चालणार नाही. १९६९ मध्ये चौदा आणि १९८० मध्ये सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते याच वर्गापर्यंत पोहोचण्यासाठी. १९७२ पासून भेदमूलक व्याजदराची योजना आहे. अवघ्या चार टक्के व्याजाने अत्यंत गरिबाला कर्ज द्यावे आणि ते एकूण कर्जांच्या एक टक्का असावे, अशी तिची अपेक्षा. सायकलरिक्षा हे तर त्या योजनेचे ठरीव उदाहरण. पण कर्जासाठी पत्त्याचा पुरावा लागे, ओळखदार लागे, बहुधा जामीनही मागितला जाई. ज्याचे गावच पाण्याखाली गेले त्याने कोणता पत्ता लिहावा? शहरातील झोपडीचा पत्ता अधिकृत नाही, आणि गावचा पत्ता आता टपालखात्यालाही सापडणारा नाही. २०१४ च्या जनधन योजनेने खाते उघडण्याची अडचण बरीचशी दूर केली; २०२३ मध्ये अशा खात्यांनी पन्नास कोटींचा टप्पा ओलांडला. २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी दहा हजारांच्या विनातारण कर्जाची योजना आली. ही वाटचाल उल्लेखनीय आहे यात शंका नाही. परंतु खाते म्हणजे पत नव्हे. शून्य शिलकीचे खाते हे उघडलेले दार आहे. त्यातून आत यावयास हातात काहीतरी असावे लागते.

काही वाचक म्हणतील, ही सारी मागास देशाची रडगाणी झाली; खऱ्या श्रीमंत देशांत असे नसते. वस्तुस्थिती निराळी आहे. हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने १८७९ मध्येच, संपत्ती वाढते तेथेच दारिद्र्य का वाढते, हा प्रश्न एका ग्रंथातून विचारला होता. १९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले तेव्हा अमेरिकेत शेकडा १९ लोक दारिद्र्यरेषेखाली होते. १९७३ पर्यंत हे प्रमाण ११.१ पर्यंत उतरले. त्यानंतर पन्नास वर्षांत तेथील दरडोई उत्पादन दुपटीच्याही पुढे गेले, माणूस चंद्रावर जाऊन आला होता तो आता खिशात संगणक घेऊन फिरू लागला, आणि २०२३ सालचा दारिद्र्याचा अधिकृत आकडा होता पुन्हा ११.१! नदी दुथडी वाहत होती. काठच्या ओट्यापर्यंत पाणी चढले नाही, एवढेच.

याच देशातला दुसरा अनुभव अधिक बोलका आहे. २०२१ मध्ये तेथील सरकारने मुलांमागे पालकांना मिळणारी करसवलत वाढविली; सहा वर्षांखालील मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलरपर्यंत, मोठ्या मुलामागे ३,००० डॉलर. महत्त्वाचे म्हणजे ज्यांचे उत्पन्न करपात्रही नव्हते त्यांनाही ती दिली आणि जुलै ते डिसेंबर दरमहा थेट बँक खात्यात जमा केली. बालदारिद्र्याचे प्रमाण, सरकारी मदत धरून मोजणाऱ्या तेथील मापनानुसार, २०२० मध्ये ९.७ टक्के होते ते २०२१ मध्ये ५.२ वर आले. वर्षअखेरीस ही वाढ संपली. २०२२ चा आकडा १२.४ टक्के. कुटुंबे तीच, आईबाप तेच, त्यांच्या सवयीही त्याच. एका वर्षात ते कष्टाळू झाले आणि पुढच्या वर्षी आळशी झाले, असे कोणी म्हणणार आहे काय? श्रीमंत राष्ट्रांत दारिद्र्य उरते ते बव्हंशी उरू दिले जाते म्हणून, असाच याचा अर्थ निघतो.

नद्यांचीही कथा तीच. आपल्याकडे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या दामोदर खोरे महामंडळाने ज्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचा आदर्श पुढे ठेवला, त्या १९३३ च्या अमेरिकन योजनेतही नॉरिस धरणाच्या जमीनमालकांना भरपाई मिळाली आणि कुळांच्या हाती फारसे काही पडले नाही. नमुना उचलताना त्यातील उणीवही जशीच्या तशी उचलली गेली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला काही दिले आहे, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोजचे २,२५० उष्मांक पुरविणारा आहार, हा त्यांचा निकष. त्यावरून १९६०-६१ साली ग्रामीण भागात शेकडा चाळीस आणि शहरांत शेकडा पन्नास लोक अर्धपोटी असल्याचे त्यांनी दाखविले. नुसत्या विकासदराच्या भरवशावर बसता येणार नाही, गरिबाला थेट काम दिले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे आधीपासूनच हा विचार मांडत होते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तीच पायवाट ठरली.

या योजनेला पैसा कोठून आला, हे बँकेतील मंडळींना सांगणे न लगे; पण ग्राहकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. महाराष्ट्रातील पगारदारांच्या वेतनातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये सुरू झाला तो रोजगार हमीसाठी. दोनशे रुपयांची ही कपात, फेब्रुवारीत तीनशेची, वेतनपत्रकावर पाहून आजही कपाळाला आठ्या पडतात. परंतु मुंबईच्या पगारातून कापलेल्या पैशावर बीड-सोलापूरच्या माळावर बंधारा उभा राहावा, खडी फोडणारीच्या घरी चूल पेटावी, ही व्यवस्था म्हणजे ताळेबंदाच्या दोन बाजू जोडण्याचा देशातील एक दुर्मीळ प्रयत्न होता. असे असूनही याच संपन्न राज्यात नंदुरबार आणि मेळघाट आहेतच. योजना काम देते. जंगल, जमीन आणि पाणी यांवरील हक्क देत नाही.

दारिद्र्य कमी झालेले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. निती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकानुसार मध्य प्रदेशात २०१५-१६ मध्ये ३६.५७ टक्के लोक गरीब होते, ते २०१९-२१ मध्ये २०.६३ टक्क्यांवर आले. शौचालय, वीज, गॅस, बँक खाते या गोष्टी त्यात मोजल्या जातात आणि त्या खरोखरच पोहोचल्या आहेत. परंतु घरात वीज आली म्हणून हातचे साधन परत आले असे होत नाही. जगातील पहिल्या पाचांत गणल्या जाणाऱ्या अर्थव्यवस्थेत पाचातला एक अजून मागे असेल, तर तो कोण आहे आणि त्याच्याकडून काय घेतले गेले होते, एवढे तरी पाहावयास हवे.

बरगीच्या लोकांनी स्वतः याचे उत्तर शोधले होते. संघटित होऊन, आंदोलने करून त्यांनी दोन गोष्टी मिळविल्या. जलाशयाची पूर्ण पातळी ४२२.७६ मीटर; ती डिसेंबरच्या मध्यापर्यंत ४१८ मीटरपर्यंत उतरवावी, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत रब्बीचे पीक घेता येईल, ही एक. दुसरी, जलाशयातील मासेमारीचा हक्क. १९९४ मध्ये विस्थापितांच्या पन्नासहून अधिक प्राथमिक सहकारी संस्थांच्या संघाला तो मिळाला. ज्या पाण्याने गाव बुडविले त्याच पाण्यातून आपल्या मालकीची मासळी काढून आपणच विकावयाची, यात भीक नव्हती आणि अनुदानही नव्हते. पुढे काही वर्षांनी हक्क संघाकडून गेला, ठेकेदारी परतली आणि मासेमार पुन्हा मजूर झाला. जे साधन हाती असताना माणूस उभा राहत होता तेच काढून घेतल्यावर त्याला दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनेत नाव नोंदवावयास सांगणे, ही विसंगती कोणाच्याच ध्यानी येऊ नये याचे नवल वाटते. त्यातच मंडला जिल्ह्यातील चुटका येथे अणुवीज प्रकल्प येऊ घातला, आणि ज्यांनी बरगीसाठी एकदा गाव सोडले त्यांच्यापैकीच काहींपुढे पुन्हा उठण्याची पाळी आली.

१ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आहे. जमीन नावावर नसलेला, पण त्या जमिनीवर तीन वर्षे उपजीविका करणारा मजूर वा कूळही त्यात बाधित कुटुंब मानला जातो. बरगीला हे वीस-पंचवीस वर्षे उशिरा आले. बँकांपुरते पाहावयाचे तर एक वाट उपलब्ध आहे. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मत्स्यव्यवसायालाही मिळते. जाळे, नाव, बर्फ, वाहतूक यांसाठी खेळते भांडवल देता येते आणि परतफेड मासळीच्या हंगामाशी जुळविता येते. शाखेने जलाशयाकाठच्या गावी मेळावा घ्यावा, संस्थेच्या सभासदांचे अर्ज तेथेच भरून घ्यावेत, यात अवघड काही नाही. मात्र अर्जासोबत पाण्यावरील हक्काचा कागद लागतो. परवाना किंवा भाडेपट्टा. ठेकेदाराकडे मजुरीवर जाळे टाकणाऱ्याजवळ तो नसतो, आणि शाखाधिकाऱ्याने कितीही मनात आणले तरी तो कागद त्याच्या टेबलावर तयार होत नाही. तो भोपाळहून निघावा लागतो.